मामांचा चांगला कान

तुंगार्लीत आमच्या मामेसासऱ्यांना माहीत नाही अशी एकच गोष्ट आहे आणि ती कोणती, हेही त्यांना माहीत आहे. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं आहे. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले आणि लोणावळ्यात, तुंगार्लीच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर घर बांधून राहिले. खातं कुठलं, हे विचारायचं नसतं. आमच्या घराण्यात मूल बोलायला लागलं की ‘बाप्पाला नमो कर’ आणि ‘मामाआजोबांना ऑफिसचं विचारायचं नाही’ या दोन गोष्टी त्याला एकाच आठवड्यात शिकवतात. विचारायला बंदी असली की माणसं स्वस्थ बसत नाहीत, अंदाज बांधतात. त्यामुळे मामांबद्दल आमच्याकडे अंदाजांचा मोठा साठा आहे. ते काही वर्षं सीमेपलीकडे कापडाचे व्यापारी म्हणून राहत होते, असं माझा मेहुणा सांगतो. हनुवटीवरचा व्रण सुऱ्याचा आहे, असं बायकोची एक चुलतबहीण सांगते. त्यांचा डावा कान अधू आहे. तो एका स्फोटात गेला, असं माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मी जावई म्हणून या घरात आलो तेव्हा स्फोटाची हकिगत मला पहिल्याच महिन्यात तीन जणांनी सांगितली, म्हणून मी ती खरी धरली. मी तळेगावच्या एका शाळेत गणित शिकवतो. एकच गोष्ट तिघांनी सांगितली म्हणून ती तिप्पट खरी होत नाही, हे खरं तर मला कळायला हवं होतं.

मामांच्या खिशात एक लांबट वही असते आणि तिच्यात तुंगार्लीतल्या घडामोडींची रोज नोंद होते. नोंद म्हणजे नुसती नोंद नव्हे. प्रत्येक बातमीला दर्जा मिळतो. बातमी कुणी दिली त्याला ए पासून एफ पर्यंत अक्षर, आणि बातमी कितपत पटण्यासारखी आहे त्याला एक ते सहा आकडा. खात्याची ही पद्धत मामांनी निवृत्तीबरोबर परत केली नाही. ‘म्हैस व्याली’ हे दूधवाल्यानं सांगितलं की वहीत बी-टू पडतं. हवामानाचा अंदाज त्यांच्या हिशेबानं बी-फाइव्ह : माणूस भरवशाचा, बातमी नाही. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल आलेली माहितीही त्या वेळच्या वहीत असणार. माझा दर्जा काय होता, हे मी पंचवीस वर्षांत विचारलेलं नाही. मामी तेवढ्या ए-टू. ‘मामींना तरी वन द्या,’ असं मी एकदा म्हणालो, तर मामा म्हणाले, “जावईबापू, वन म्हणजे स्वतंत्र दुजोरा. दुसऱ्या स्रोताकडून तीच गोष्ट आली पाहिजे. घरात आम्ही दोघंच.”

या पद्धतीनं मामा खरोखर थक्क करणाऱ्या गोष्टी सांगतात, हे मात्र कबूल केलं पाहिजे. समोरच्या बंगल्यात सकाळी दुधाच्या दोनाऐवजी तीन पिशव्या आल्या, वाळत घातलेल्या कपड्यांत एक धोतर दिसलं आणि संध्याकाळची मोठ्या आवाजातली गाणी बंद झाली, एवढ्यावरून त्यांनी सांगितलं की त्या बाईंचे वडील मुक्कामाला आले आहेत आणि जावयाला ते आवडलेलं नाही. दोन्ही गोष्टी बरोबर निघाल्या. कोपऱ्यावरच्या चिक्कीवाल्याच्या मुलाची दहावीची टक्केवारी त्यांनी निकालाआधी दोन टक्क्यांच्या फरकानं सांगितली होती, कशावरून ते सांगायला तयार नाहीत. पण हेच मामा एकदा भर दुपारी मागच्या कुंपणाशी उभे राहून शेजारच्या रिकाम्या बंगल्यातल्या हालचाली टिपत होते आणि तेवढ्यात पुढच्या बाजूनं त्यांचंच लोखंडी फाटक कुणीतरी उचलून नेलं. बिजागऱ्यांसकट. मामांनी वहीत लिहिलं : ‘आपले फाटक जागेवर नसल्याचे समजते.’ मी विचारलं, “समजते काय मामा? तुम्ही डोळ्यांनी बघताय ना?” तर म्हणाले, “बघतोय. पण मी एकटा बघतोय. टू.” मग मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, फाटक कुठं गेलं?” तेव्हा मामांनी समाधानानं दोनाचा एक केला.

तुंगार्लीच्या ओट्यावर चहा घेताना ते कधी कधी खात्यांविषयी सर्वसाधारण बोलतात. सर्वसाधारण म्हणजे नाव, गाव, साल काही नाही. “लोकांना वाटतं खात्याला सगळं कळतं,” ते म्हणतात, “आणि निम्म्या लोकांना वाटतं काहीच कळत नाही. दोन्ही चूक. कोण कुठं गेलं, किती वाजता गेलं, कुणाबरोबर परत आलं, हे कुठलंही बरं खातं सांगेल. का गेलं, हे सांगणारं खातं अजून निघायचंय. आणि समजा निघालं, तर त्याचा अहवाल ज्याच्या टेबलावर जायला हवा तो त्या दिवशी रजेवर असेल.” हे बोलताना ते चांगला, म्हणजे उजवा कान रस्त्याकडे करून बसतात. झोपतानाही उजवा कान वरच्या बाजूला. डाव्या कुशीवरच झोपायचं, म्हणजे अधू कान उशीवर आणि चांगला पहाऱ्यावर. मामी म्हणतात, “चाळीस वर्षांत मला यांच्या नकळत जांभई देता आलेली नाही.”

पण मामांचं खरं वैशिष्ट्य म्हणजे ते कुणालाही, काहीही, कधीही थेट विचारत नाहीत. “विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही, हे समोरच्याला कळवणं,” असं त्यांचं ब्रीद आहे. चहा हवा असेल तर ते म्हणतात, “चार वाजल्यासारखे दिसतात.” आमच्याकडे आले की जेवणं झाली आहेत का हे विचारत नाहीत, पाय धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन खरकटी ताटं मोजून येतात. माझ्या बायकोला, नीलाला, मध्यंतरी बरं नव्हतं. तर तिला फोन करायचा सोडून त्यांनी आमच्या औषधाच्या दुकानदाराशी ओळख वाढवली. आणि जसं विचारायचं नाही तसंच सांगायचंही नाही. ज्याचा संबंध त्यालाच माहिती, तीही लागेल तेवढीच. हर्नियाच्या ऑपरेशनला तळेगावच्या दवाखान्यात दाखल झाले तेव्हा मामींना सांगितलं, ‘दोन दिवस कामानं बाहेर जातोय.’ मामींनी निमूट बॅग भरून दिली. दवाखान्यात ती उघडली, तर वर सैल नाडीचे दोन पायजमे, तपासण्यांचे सगळे जुने कागद आणि मऊ भाताची कुकरची छोटी भांडी. मामींना महिनाभर माहीत होतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

अशा माणसाला आमच्या सायलीचं स्थळ आलं तेव्हा चौकशीचं काम सांगावं, ही कल्पना नीलाची. सायली आमची एकुलती एक मुलगी, तळेगावातच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. आपल्याकडे स्थळाची चौकशी ही एक स्वतंत्र यंत्रणा आहे. मुलाच्या शेजाऱ्यांना भेटायचं, तर आपण घर भाड्यानं बघतोय असं सांगून. ऑफिसातल्याला गाठायचं, तर दूरच्या ओळखीतून. आणि मुलाला मात्र काही म्हणजे काही विचारायचं नाही. मामांच्या खात्याहून ही फार वेगळी नाही. नीलाचं म्हणणं, घरात एवढा अनुभवी माणूस असताना बाहेरच्यांवर का विसंबायचं? मुलगा निखिल, जवळच्या नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर, गावात वडिलांची पिठाची गिरणी आणि गिरणीवरच घर. सायलीनं याआधी अकरा स्थळं नाकारली होती, आणि नाकारताना प्रत्येकाचं एकेका वाक्यात वर्णन केलं होतं. निखिलला दोनदा भेटून आली आणि काहीच बोलली नाही. नुसती भांडी घासता घासता गुणगुणत होती. माझ्या मुलीला मी दहावीनंतर गुणगुणताना ऐकलेलं नव्हतं. बापाला असल्या वेळी काय होतं ते सांगता येत नाही. मी उगाच उठून दाराची कडी तपासून आलो.

मामांनी तीन आठवड्यांत पहिला अहवाल दिला. वर ‘गोपनीय’, खाली निखिलचा उल्लेख सगळीकडे ‘संबंधित’. संबंधित निर्व्यसनी आहे, बी-टू. संबंधितास पुरणपोळी आवडत नाही, सी-थ्री. संबंधिताचे वरिष्ठांशी बरे आहे, सी-टू. शेवटी एक ओळ होती : ‘संबंधित दर गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारी बारानंतर निळ्या मोटारसायकलीवरून कामशेतमार्गे तिकोणा पेठेस जातो व पाचच्या सुमारास परततो. घरी याबाबत सांगत नाही. कारण अज्ञात.’ एवढी एक ओळ. बाकीचं सगळं नीलानं वाचलंच नाही. तिकोणा पेठेत त्यांचं कुणी नातेवाईक नाही, शेत नाही. गड चढायला जावं, तर दर गुरुवारी तोच गड कोण चढतो? “मामा, तू शोधून काढ,” नीला म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की मामांनी चहा अर्धा टाकला आणि उठले.

पुढचे दोन गुरुवार मामांनी स्वतः पाठलाग केला. स्थानिक दिसावं म्हणून पांढरी टोपी घातली आणि अंगात पैरण. खाली पायात मात्र मामींनी आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट होते आणि स्कूटरच्या पुढच्या काचेवर ‘ज्येष्ठ नागरिक’ असं चिकटवलेलं होतं. पहिल्या खेपेला पेठेतल्या वळणावर निखिल नजरेआड झाला. मग मामांनी गावातल्या चहाच्या टपरीवर मुक्काम केला आणि टपरीवाल्या मावशींना, थेट न विचारता, सहज म्हटल्यासारखं म्हणाले, “गुरुवारचा एक निळ्या गाडीवाला येतो. त्याचं इथं कुणी असावं.” मावशींनी त्यांच्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या, “आसंल की. कुनी आसल्याबिगर येवढ्या लांब कोन येतंय?” सी-थ्री. पुढच्या गुरुवारी मामा पुन्हा गेले, तर दुधाच्या संकलनावरच्या माणसानं आपणहून सांगितलं, “त्या निळ्या गाडीवाल्याचं हितं कुनीतरी हाय म्हनं.” केस कापणाऱ्यानं सांगितलं, “बाई हाय म्हनं.” आणि पवनानगरच्या रिक्षावाल्यानं सांगितलं, “लगीन झालंय म्हनं गुपचूप. लोनावळ्याचं कुनी मोटं सायेब चौकशीला आलतं, म्हंजे केसच आसनार.” तीन वेगवेगळी माणसं, तीन वेगळे धंदे, एकमेकांशी संबंध नाही. मामांनी शुक्रवारी सकाळी आमच्याकडे येऊन अहवाल टेबलावर ठेवला. ‘संबंधिताचे तिकोणा पेठेत दुसरे घर आहे.’ दर्जा बी-वन. आयुष्यात त्यांनी दिलेला हा तिसरा की चौथा वन असेल.

नीला रडली. मी रडलो नाही, पण वर्गात जाऊन मुलांना एकच उदाहरण दोनदा सोडवून दिलं. संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोनं मिळून मध्यस्थांना नकार कळवण्याचा मजकूर तयार केला : ‘पत्रिकेचा योग दिसत नाही, क्षमस्व.’ सायली आली, तिनं तो माझ्या हातून घेऊन वाचला आणि म्हणाली, “आपण पत्रिका बघितलीच कुठं?” मग तिला अहवाल दाखवावा लागला. तिनं तो उभ्याउभ्याच वाचला. चेहरा उतरला तिचा, ते मी पाहिलं, आणि त्या क्षणी मला मामांचा, त्यांच्या खात्याचा आणि दुजोरा या शब्दाचा मनापासून राग आला. “बाबा, हे त्याला कुणी विचारलं का?” ती म्हणाली. मी म्हणालो, “असं कसं विचारणार?” ती म्हणाली, “तोंडानं,” आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. दोन मिनिटांत परत आली. मामा अजून बसलेच होते, चांगला कान गॅलरीकडे करून.

“येत्या गुरुवारी सगळे या म्हणाला,” सायली म्हणाली. “सांगण्यापेक्षा दाखवतो म्हणाला. आणि पांढरे बूट घातलेल्या आजोबांनाही आणा म्हणाला. दोन गुरुवार ते कामशेतपासून त्याच्या मागं येताहेत. गेल्या खेपेला ब्राह्मणोलीच्या चढावर त्यांची स्कूटर बंद पडली, तेव्हा त्यानंच मागं वळून प्लग साफ करून दिला होता.”

आम्ही सगळे मामांकडे बघायला लागलो. “अहवालात अनावश्यक तपशील घालायचा नसतो,” मामा म्हणाले आणि चार वाजल्यासारखे दिसतात का ते बघू लागले.

गुरुवारी मी शाळेत अर्धी रजा टाकली. मामा-मामींना कामशेतला गाडीत घेतलं. पवनेचं पाणी उजव्या हाताला लागलं तेव्हा मामी तेवढ्या ‘छान आहे’ म्हणाल्या. भातं काढून झालेली होती, खाचरं मोकळी पडली होती. निखिलनं सांगितलेल्या खुणेनं गेलो तर गावाच्या टोकाला गडाच्या बाजूला एक कौलारू घर, पुढं पडवी, पडवीच्या एका अंगाला पेंढ्याची रास आणि दारात निळी मोटारसायकल. अंगणात एक म्हातारे गृहस्थ बांबूच्या कांबी काढत बसले होते. आम्हा पाच जणांना बघून ते उठले नाहीत. फक्त ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.”

पडवीत घोंगडीवर निखिल झोपला होता. तोंड उघडं, एक हात जमिनीवर, गाढ. मी इतका शांत झोपलेला माणूस बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

मामा दोन पावलं पुढं झाले. प्रश्न तर विचारायचा नव्हता. म्हणाले, “मुलगा झोपलेला दिसतो.”

“व्हय,” आबा म्हणाले. त्यांना सगळं गाव आबाच म्हणतं. “दर गुरवारी झोपतुय. कंपनीत पाळ्या आस्त्यात, आन घरी खाली पिठाची गिरन. भिताड सुदिक हालतंय म्हनं. मागं गडाला आलता तवा हितं गाडी पंक्चर झालती. म्हनलं, पड जरा पडवीत, तवर चाक देतो नेऊन. उटला त्यो पाच वाजता! तवापास्नं येतुय.”

“घरी का नाही सांगत मग?” हे नीलानं विचारलं.

“बापाला सांगितलं तर बाप गुरवारची गिरन बंद ठिवंल, म्हनतो. लोकांची दळनं ऱ्हातील. म्हनून सांगत न्हाई.”

सायली पडवीच्या पायरीवर बसली आणि तिनं तोंडाला ओढणी लावली. ती हसत होती की आणखी काही करत होती ते मी पाहिलं नाही. माझ्याच डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

तेवढ्यात टपरीवाल्या मावशी किटली घेऊन आल्या. आबांनी आधीच सांगून ठेवलं असावं. मामांना बघून म्हणाल्या, “सायेब, आज टोपी न्हाई घातली?” मी मावशींना विचारलं, की हा इथं झोपायला येतो हे तुम्हाला माहीत नव्हतं का? मावशींनी किटली खाली ठेवली. “आवो, समद्या गावाला म्हायती हाय. पर हे सायेब आलं आन म्हनलं, ‘त्याचं हितं कुनी असावं.’ आता येवढं मोटं सायेब लोनावळ्यावरनं येतंय, त्यास्नी आमच्यापरीस जास्त म्हायती आसनार. म्हनलं आसंल बाबा आनिक कायतरी. मंग म्या दूधवाल्याला इचारलं, तुला काय म्हायती हाय का? त्यानं न्हाव्याला इचारलं.”

मामांनी खिशातून वही काढली, त्या गुरुवारचं पान उघडलं आणि एकेका नोंदीवरून बोट फिरवलं. मग वन खोडला. “गोल फिरलेली बातमी,” ते हळूच म्हणाले. “आपणच सोडलेली बातमी तीन तोंडांनी परत येते आणि आपण तिला तीन स्रोत म्हणतो. खात्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं मला.” मग सायलीकडे वळून म्हणाले, “चुकलो बाळा.” इतकं थेट वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

बोलण्यानं निखिल जागा झाला. केस सारखे करत सगळ्यांना नमस्कार केला, मामांना “प्लग नीट आहे ना आता?” असं विचारलं, आणि आबांनी दिलेला चहा घेऊन त्यांच्याच शेजारी टेकला. जरा वेळानं, माणूस माणसाला विचारतो तितक्या सहज, म्हणाला, “मामा, तुम्ही नोकरीत नक्की काय काम करायचात?”

नीलाचा कप ओठांशी थांबला. मामी जमिनीकडे बघायला लागल्या. आमच्या घराण्यात हा प्रश्न कुणी केला नव्हता, आणि हा पोरगा अजून घराण्यात आलेलाही नव्हता.

मामा म्हणाले, “ऐकायचो.”

“काय?”

“रेडिओ.” मामांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना त्यांनी एकदाही ‘असे समजते’ म्हटलं नाही. सीमेपलीकडचं एक छोटं केंद्र होतं. गाव आणि भाषा तेवढी त्यांनी गाळली. सव्वीस वर्षं एका खोलीत कानाला हेडफोन लावून त्यांनी ते केंद्र ऐकलं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, कुठली गाडी उशिरा आहे, कुठली जत्रा पुढं ढकलली. ऐकायचं, उतरवायचं, दर्जा द्यायचा, वर पाठवायचं. डावा कान त्या खरखरीनंच गेला. स्फोट वगैरे काही नाही. हनुवटीवर लहानपणी झोपाळा लागला होता. एकदा गाड्या रद्द झाल्याच्या आणि जत्रा ढकलल्याच्या बातम्या जुळवून त्यांनी लिहिलं होतं, की त्या बाजूला सैन्य हलतंय. खरंच हलत होतं. वरून बारा दिवसांनी उत्तर आलं : ‘नोंद घेतली.’

“सकाळच्या बातम्या एक बाई द्यायची,” मामा म्हणाले. “एकोणीस वर्षं. तिला सर्दी झाली की मला आदल्या दिवशी कळायचं. तिच्या घरचं कुणीतरी वारलं तेव्हा कळलं, महिनाभर आवाज खाली होता. पुढं बहुतेक मूल झालं, मध्येच घाईनं वाचायची. मग एका सोमवारी दुसरीच बाई आली. मी अहवालात लिहिलं, ‘निवेदिका बदलली, कारण अज्ञात.’ वरून शेरा आला, ‘महत्त्वाचे नाही.’” त्यांनी कप खाली ठेवला. “मी रोज तिला ऐकत होतो, आणि तिला काय झालं ते मला आजही माहीत नाही. तिचं नावसुद्धा नाही. तिथं विचारायची सोय नव्हती.”

आबांनी हातातली कांब बाजूला ठेवली.

“मला कधी सांगितलं नाहीत,” मामी म्हणाल्या.

“तू कधी विचारलं नाहीस.”

“विचारायचं नाही, असं लग्नातच वन्संनी सांगितलं होतं.”

“मी कुणाला सांगितलं नव्हतं, विचारू नका म्हणून,” मामा म्हणाले. “सगळं सांगता आलं नसतंच. पण घरी येऊन, आज त्या बाईला सर्दी झालीये, एवढं तुला सांगता आलं असतं.” मामींनी पदरानं डोळे टिपले आणि विचारलं, “कसा होता हो आवाज?” मामा त्यावर खूप वेळ बोलत राहिले. आम्ही उठून अंगणात आलो.

सायलीचं लग्न झालं. दोघांनी गिरणीपासून लांब घर घेतलं आहे, तिथं झोप चांगली लागते. तरी महिन्यातून एखादा गुरुवार ते तिकोणा पेठेला जातात, आणि मामा-मामींनाही नेतात. वही मामांनी अजून सोडलेली नाही. फक्त नोंदीत ‘कारण’ आलं की ते पेन थांबवतात आणि फाटकातून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारतात, “काय हो, कुणीकडे?” नवं फाटक मामींनी बसवून घेतलंय. लोक आधी दचकायचे, आता थांबून दोन मिनिटं बोलतात.

मागच्या गुरुवारी मीही गेलो होतो. जेवणं झाल्यावर आबांनी पडवीत घोंगडी अंथरली, मामा आडवे झाले आणि थोड्या वेळानं घोरायला लागले. मामी पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होत्या. मी विचारलं, “मामी, काय झालं?” त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, “उजव्या कुशीवर झोपलेत.” मी वळून पाहिलं. चांगला कान उशीवर होता. बाहेर आबांची कोंबडी ओरडत होती, चुलीपाशी सायली आणि निखिल कशावर तरी हसत होते, आणि मामांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.